ते ज्योतिषी होते की खगोलशास्त्रज्ञ? मध्ययुगीन गणकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भास्कराचार्य, गणेश दैवज्ञ, कमलाकर ही नावं निघाली की ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. एकांना ते ‘आपले न्यूटन’ हवे असतात, दुसऱ्यांना ते पत्रिका बघणारे भटजी वाटतात. दोन्हीकडून येणारे प्रश्न मात्र तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. गणक म्हणजे ग्रहांचं गणित करणारे. काळ साधारण बाराव्या ते सतराव्या शतकाचा. मुलूख खानदेश, गोदावरीकाठ, कोकण आणि काशी.

‘ज्योतिष’ म्हणजे त्या काळी खगोलशास्त्र की भविष्य?

दोन्ही, शिवाय तिसरंही काहीतरी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ज्योतिषशास्त्राचे तीन स्कंध सांगितले आणि ती वाटणी पुढे हजार वर्षं टिकली. पहिला गणित किंवा सिद्धांत: ग्रह कुठे आहेत, ग्रहण केव्हा, किती वेळ. दुसरा संहिता: पाऊस, धूमकेतू, भूकंप, धान्याचे भाव, घर कसं बांधावं, विहिरीला पाणी कुठे लागेल. तिसरा होरा: जन्मपत्रिका आणि फळ.

आपण आज पहिल्याला विज्ञान म्हणतो, तिसऱ्याला फलज्योतिष, आणि दुसऱ्याचं काय करायचं ते कुणालाच ठरवता येत नाही, कारण त्यात हवामानापासून शकुनापर्यंत सगळा बाजार आहे. त्या काळी मात्र तिन्ही जाणणारा तोच पुरा दैवज्ञ. शास्त्र न शिकता दैवज्ञ म्हणून मिरवणाऱ्याला वराहमिहिर ‘नक्षत्रसूचक’ म्हणतो आणि पंक्तीत बसवू नये असं सुचवतो. म्हणजे ‘भोंदू’ हा शब्द त्यांच्याकडेही होता. फक्त त्याची रेघ आपण ओढतो तिथे ओढलेली नव्हती. गणित न येता भविष्य सांगणारा तो भोंदू. गणित येऊन भविष्य सांगणारा विद्वान.

मग भास्कराचार्य पत्रिका बघत होते का?

त्यांची जी कामं आज शंकेपलीकडे त्यांची मानली जातात ती गणिताची आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे चार भाग असलेला सिद्धांतशिरोमणी (शके १०७२, म्हणजे ११५०) आणि ११८३चं करणकुतूहल. त्यामुळे ‘बघा, ते शुद्ध गणिती होते’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण गोलाध्यायात त्यांनी स्वतः एक साखळी मांडली आहे. ज्योतिषशास्त्राचं फळ म्हणजे आदेश, म्हणजे भविष्यकथन, असं जुने गणक सांगतात. आदेश लग्नाच्या, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणाऱ्या राशीच्या, बळावर अवलंबून. लग्न स्पष्ट ग्रहांवर, म्हणजे ग्रहांच्या नेमक्या काढलेल्या जागांवर. स्पष्ट ग्रह गोलाच्या, म्हणजे खगोलाच्या, ज्ञानावर. आणि गणिताशिवाय गोल कळत नाही. मग ज्याला गणित येत नाही तो हे सगळं जाणणार कसा?

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. भविष्य त्यांनी नाकारलं नाही, उलट झाडाच्या शेंड्यावर ठेवलं. आणि आयुष्य मात्र मुळाशी खणण्यात घालवलं. आपल्या वडिलांचा, महेश्वराचा, उल्लेख ते ‘दैवज्ञचूडामणि’ असा अभिमानानं करतात. घरचा व्यवसाय लपवण्यासारखा त्यांना वाटत नव्हता.

विज्जडविड हे त्यांचं गाव नक्की कुठे?

सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं, विद्वानांनी भरलेलं गाव, एवढं ते सांगतात. चाळीसगावच्या पाटणजवळ, बीड, विजापूर असे दावे आहेत आणि प्रत्येक गावाचे वकील कडवे आहेत. जन्म शके १०३६चा (१११४), यावर मात्र वाद नाही, कारण तो त्यांनीच श्लोकात घातला आहे.

पाटणचा शिलालेख एवढा महत्त्वाचा का?

कारण विद्या, राजाश्रय आणि पैसा यांचा हिशेब एकाच दगडावर सापडतो. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं स्थान आहे. तिथल्या या लेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५च्या सुमारास विद्वानांचं लक्ष वेधलं.

लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रमापासून सुरू होऊन ती महेश्वर आणि भास्कर यांच्यापर्यंत येते. पुढे भास्कराचा मुलगा लक्ष्मीधर, ज्याला यादव राजा जैत्रपाल आपल्याकडे घेऊन गेला, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. (हा चांगदेव म्हणजे वाघावर बसून आलेला योगी चांगदेव नव्हे. हा प्रश्न दर वेळी येतो.) आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजानं त्याला दान दिलं. लेखात शके ११२८, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण यांचा उल्लेख आहे. अभ्यासक त्यावरून ९ ऑगस्ट १२०७ हा दिवस धरतात.

लेख संस्कृतात आहे, पण शेवटी जिथे प्रत्यक्ष देण्याघेण्याची गोष्ट येते तिथे तो मराठीत उतरतो. बाजारात जो माल उघडला जाईल त्यावरचा कर मठाला, तेल्याच्या घाण्यामागे तेल मठाला. कुळाची थोरवी सांगायला संस्कृत चालतं. तेली आणि गिऱ्हाइकाला कळायला हवं ते मराठीतच लिहावं लागतं.

आणि एक बारकावा. दान दिलं ग्रहणात, कारण ग्रहणात दिलेल्या दानाचं पुण्य मोठं. ग्रहण कधी लागणार हे सांगायला गणक हवा. गणक तयार व्हायला मठ हवा. मठाला दान हवं. असं ते चक्र पुरं होतं.

पाटणजवळच बहाळ इथे शके ११४४चा (१२२२) आणखी एक लेख आहे. भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता आणि त्यानं तिथे भवानीचं देऊळ बांधलं. वराहमिहिराच्या बृहज्जातकावर, म्हणजे होरेच्या ग्रंथावर, त्याची टीका होती आणि सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताच्या सिद्धांताच्या एका अध्यायावरही. एकाच माणसाच्या दोन टीका, दोन स्कंधांवर.

सिद्धांत, तंत्र आणि करण यांत फरक काय?

मोजायला कुठून सुरुवात करायची, हा. सिद्धांत कल्पाच्या आरंभापासून दिवस मोजतो. कल्प ४३२ कोटी वर्षांचा, त्यामुळे आजवर गेलेल्या दिवसांची संख्या, म्हणजे अहर्गण, बारा आकडी होते. तंत्र कलियुगाच्या आरंभापासून, इसवी सनापूर्वी ३१०२पासून, मोजतं. करणग्रंथ जवळचाच एखादा शक धरतो आणि तिथले ग्रह ‘क्षेपक’ म्हणून आयते देतो. सिद्धांत पंडितांनी वाचायचा, करण रोजच्या कामाला.

गणेश दैवज्ञ आणि ग्रहलाघव यांचं एवढं कौतुक का होतं?

कारण ज्याला तिथी आणि ग्रह काढून पोट भरायचं आहे अशा माणसाचा त्यानं विचार केला. गणेश मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा. ग्रहलाघव हा त्याचा करणग्रंथ, शके १४४२चा (१५२०). वडील केशव दैवज्ञ यांचं ग्रहकौतुक १४९६चं, आणि ते स्वतः वेध घेणारे होते. वेध म्हणजे आकाशात प्रत्यक्ष बघून ग्रहाची जागा ठरवणं.

ग्रहलाघवाच्या दोन करामती सांगतो. पहिली, अहर्गण लहान करणं. गणेशानं ११ वर्षांचं एक चक्र धरलं, त्याचे ४०१६ दिवस. चक्रं वेगळी मोजायची आणि उरलेले दिवस वेगळे, म्हणजे दिवसांचा आकडा चार अंकांच्या पुढे जातच नाही. गुणाकार बोटांवर नाही, पण पाटीवर तरी आला. दुसरी, त्यानं ज्या-चापाचं, आपल्या भाषेत त्रिकोणमितीच्या कोष्टकांचं, काम जवळपास काढून टाकलं आणि साध्या गुणाकार-भागाकारांनी तितकाच चांगला जवळचा आकडा मिळवला. पुढे त्यानं तिथींसाठी तिथिचिंतामणी ही कोष्टकंही करून दिली.

पण मला सगळ्यात आवडतो तो ग्रंथाच्या सुरुवातीचा एक श्लोक, ज्यात तो कुठला ग्रह कुठून घेतला ते सांगतो. सूर्य सौरपक्षाचा, म्हणजे सूर्यसिद्धांताच्या परंपरेतला. चंद्रही सौर, पण ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेतले. बुधाचं केंद्र, म्हणजे त्याची जागा ठरवणारा कोन, ब्राह्मपक्षाचं, म्हणजे ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतलं. शुक्रासाठी आर्य आणि ब्राह्म यांची सरासरी. आणि शनी आर्यपक्षाचा, अधिक ५ अंश. पौर्णिमेचा चंद्र साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणजे दहा चंद्र ओळीनं मांडावेत एवढ्या अंतरानं परंपरेतला शनी चुकत होता आणि गणेशानं तो सरळ उचलून पुढे ठेवला.

हे पक्ष म्हणजे नुसती मतं नव्हती. कुणी सूर्यसिद्धांताला देवानं सांगितलेला मानत, कुणी ब्राह्मपक्षाला. त्या सगळ्या पोथ्यांतून गणेश भाजी निवडावी तसे ग्रह निवडतो, आणि निवडीची कसोटी एकच: आकाशात जुळतं का? त्याला दृक्प्रत्यय म्हणत.

पत्रिकेसाठी लग्न कसं काढायचे?

लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वक्षितिजावर उगवणारी रास. ती गावागणिक बदलते, म्हणून गावाचा एक आकडा हवा: पलभा. १२ अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ काठी, जमिनीवर उभी करायची आणि विषुवदिनी माध्यान्ही तिची सावली मोजायची. पुण्याला ही सावली साधारण ४ अंगुळं भरते. उत्तरेला जाल तशी वाढते, काशीला पावणेसहाच्या आसपास.

आता ग्रहलाघवातली रीत बघा. लंकेवर, म्हणजे विषुववृत्तावर, मेष उगवायला २७८ पळं, वृषभ २९९, मिथुन ३२३. पळ म्हणजे २४ सेकंद. पलभेला १०, ८ आणि १०/३ यांनी गुणायचं. पुण्यासाठी ४०, ३२ आणि १३ मिळतात. ते अनुक्रमे वजा केले की पुण्याचे उदय: मेष २३८, वृषभ २६७, मिथुन ३१०. पुढच्या तीन राशींना तेच आकडे उलट क्रमानं आणि अधिक: कर्क ३३६, सिंह ३३१, कन्या ३१८. म्हणजे पुण्यात मेष ९५ मिनिटांत उगवते आणि कर्केला सव्वादोन तासांच्या जवळपास लागतात. ‘सगळी लग्नं दोन-दोन तासांची’ असं ऐकलं असेल तर ते ढोबळ आहे.

समजा, सायन (मार्चमधल्या विषुवदिनाच्या बिंदूपासून मोजलेला) सूर्य मेषेच्या १० अंशांवर आहे आणि मूल सूर्योदयानंतर ६ घटकांनी जन्मलं. ६ घटका म्हणजे ३६० पळं. मेषेचे उरलेले २० अंश उगवायला १५९ पळं गेली. उरली २०१. ती वृषभेच्या २६७मधली, म्हणून वृषभेचे साडेबावीस अंश उगवले. त्यातून अयनांश, म्हणजे तो बिंदू आणि ताऱ्यांवरून धरलेला मेषेचा आरंभ यांतलं अंतर, वजा करायचे. गणेशाच्या वर्षी ते १६ अंश ३८ कला होते, म्हणजे निरयन (ताऱ्यांवरून मोजलेलं) लग्न वृषभेच्या साधारण ६ अंशांवर.

इथे भविष्याचा अजून एक शब्दही आलेला नाही. एवढा वेळ आपण गोलीय त्रिकोणमिती करत होतो, काठीनं.

मग वेळ अचूक कशी मोजायचे? लीलावतीची गोष्ट खरी का?

घटिकापात्रानं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, झाली. दिवसरात्रीत ६० घटका. लग्नघरात भटजी ‘घटका भरत आली’ म्हणतात ते याच वाटीमुळे. वरच्या उदाहरणात एका घटकेची चूक झाली तर लग्न पावणेसात अंशांनी सरकतं, म्हणून वाटीपाशी भरवशाचा माणूस बसवावा लागे.

लीलावतीची कथा सर्वांना ठाऊक आहे. मुलीच्या लग्नाचा एकच मुहूर्त होता, तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडून भोक बुजलं, घटका भरलीच नाही, मुहूर्त टळला आणि बापानं सांत्वनासाठी तिच्या नावानं ग्रंथ लिहिला. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात येते. म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. तरी कथा चांगली रचलेली आहे: भविष्य जाणणारा बाप आणि त्याला हरवणारा एक मोती. रचणाऱ्याला या धंद्याची दुखरी नस माहीत होती.

ग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे लागतं हे माहीत होतं, तर राहूची गोष्ट का सांगत राहिले?

माहीत होतंच. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटानं ते स्वच्छ लिहिलं. भास्कराचार्यांचा युक्तिवाद तर शाळेत शिकवावा असा आहे. चंद्राला आणि सूर्याला झाकणारा एकच असता तर दोन्ही ग्रहणं सारखी दिसली असती. पण अर्धवट ग्रासलेल्या चंद्राची टोकं बोथट असतात आणि ग्रहण बराच वेळ चालतं, म्हणजे झाकणारा मोठा. सूर्याची टोकं तीक्ष्ण आणि ग्रहण लवकर सुटतं, म्हणजे झाकणारा लहान. चंद्रग्रहण पूर्वेकडून लागतं, सूर्यग्रहण पश्चिमेकडून. म्हणून एकीकडे पृथ्वीची सावली, दुसरीकडे चंद्र.

आणि एवढं सिद्ध केल्यावर ते म्हणतात, की वरदान मिळालेला अंधाररूप राहू चंद्रग्रहणात पृथ्वीच्या सावलीत आणि सूर्यग्रहणात चंद्रबिंबात शिरून झाकतो, त्यामुळे आगमांशी, म्हणजे शास्त्रवचनांशी, विरोध येत नाही. वाचताना मला हसू येतं. राहूला त्यांनी घराबाहेर काढलं नाही, पण त्याला बसायला जागा दिली ती नेमकी गणितानं ठरवलेल्या सावलीतच.

अशाच तडजोडीवर भारताविषयी लिहिणाऱ्या अल्-बिरूनीनं अकराव्या शतकात कडक टीका केली होती, ब्रह्मगुप्ताच्या संदर्भात. त्याचं म्हणणं, एवढा मोठा विद्वान सत्य जाणत असून लोकभयानं दोन्ही डगरींवर पाय ठेवतो. टीका योग्य आहे. पण ग्रहणाचं स्नान-दान घडवणारे पुरोहित आणि ग्रहणाची वेळ काढणारा गणक एकाच गावात, बहुधा एकाच घरात राहत होते, हे बिरूनीला बाहेरून जाणवलं नसावं.

दुर्बीण नव्हती, वेधशाळा नव्हती. मग वेध कशानं घ्यायचे?

शंकू, चक्रयंत्र (अंश आखलेलं वर्तुळ), तुर्ययंत्र (त्याचा चौथा भाग), नळी. भास्कराचार्यांनी फलकयंत्र वर्णिलं, आणि यंत्रांची यादी संपवताना म्हटलं की खरं यंत्र एकच, ‘धी’ म्हणजे बुद्धी. हातात काठी घेतलेला बुद्धिमान माणूस पुरे.

पश्चिमेकडून ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची आणि वेळ काढायचं यंत्र, आलं. फिरोजशाह तुघलकाच्या काळी, १३७०मध्ये, महेंद्रसूरी या जैन पंडितानं त्यावर पहिला संस्कृत ग्रंथ लिहिला आणि यंत्राला नाव दिलं यंत्रराज. दख्खनमध्ये वेधशाळेचा प्रयत्नही झाला होता. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की बहमनी सुलतान फिरोजशाहानं १४०७मध्ये दौलताबादजवळच्या घाटावर वेधशाळेचं काम काढलं. त्यातला प्रमुख हकीम हसन गिलानी मरण पावला आणि काम अर्धवट राहिलं. समरकंदला तिथल्या तैमुरी राजाची, उलुघ बेगाची, वेधशाळा उभी राहिली ती यानंतर. आपली हुकली.

हे सगळं ‘शुद्ध भारतीय’ होतं का?

शब्दच विचारा. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, लिप्ता हे सगळे ग्रीकमधून आलेले. लग्न जुळवताना ज्याची फार चर्चा होते ते जामित्र, म्हणजे पत्रिकेतलं सातवं स्थान, हे ग्रीक ‘दियामेत्रोस’, समोरासमोरचं. आरोग्य केंद्रापासून केंद्र सरकारपर्यंत पाटी लावताना आपण ग्रीक शब्द लिहितो आणि कुणाचं काही बिघडत नाही. वराहमिहिरानं तर लिहूनच ठेवलं, की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात.

मध्ययुगात दुसरी लाट आली, अरबी-फारसीची. तिला ताजिक म्हणतात: वर्षफळ, म्हणजे एकेका वर्षाचं भविष्य, काढायची पद्धत. नीलकंठाची ताजिकनीलकंठी १५८७ची. तिच्यातले योग मोठ्यानं वाचा. इक्कबाल म्हणजे इक्बाल. इत्थशाल म्हणजे इत्तिसाल. ईसराफ म्हणजे इन्सिराफ. सहम म्हणजे सह्म. आज वर्षफळात ‘मुंथा कुठे आली’ म्हणून विचारतात ती अरबी ‘इन्तिहा’. संस्कृत श्लोकात, सोवळं नेसून बसलेले अरबी शब्द आहेत हे.

मराठी मुलखातले गणक काशीला का गेले?

विद्या आणि आश्रय तिकडे होता म्हणून. पाथरीच्या टापूत गोदावरीकाठी गोलग्राम नावाचं गाव होतं. तिथल्या दिवाकराच्या मुलानातवंडांनी काशीत ठाण मांडलं. विश्वनाथ आणि मल्लारी यांनी ग्रहलाघवावर टीका लिहिल्या, म्हणजे कोकणातलं करण काशीत शिकवलं जाऊ लागलं. याच घरातल्या कमलाकरानं १६५८मध्ये सिद्धांततत्त्वविवेक पूर्ण केला. त्यात उलुघ बेगाचं ऋण दिसतं आणि ध्रुवतारा पूर्ण स्थिर नाही हेही त्यानं नोंदवलं. लग्नात नवरीला ‘ध्रुवासारखी अढळ हो’ म्हणून दाखवतात तोच तारा.

दुसरं घर वऱ्हाडातल्या दधिग्रामचं. त्यातल्या कृष्ण दैवज्ञानं भास्कराच्या बीजगणितावर सुंदर टीका लिहिली, आणि पत्रिकेच्या रीतीचं उदाहरण म्हणून खानखानान अब्दुर्रहीम याची कुंडली मांडून दाखवली. त्याचा पुतण्या मुनीश्वर भास्कराचार्यांचा कट्टर भक्त, तर कमलाकर सूर्यसिद्धांताचा इतका कट्टर की भास्करालाही सोडत नसे. ग्रहस्पष्टीकरणाच्या एका रीतीवरून मुनीश्वर आणि कमलाकराचा भाऊ रंगनाथ यांच्यात खंडन-मंडनाच्या पोथ्या झाल्या. घाटावर एकमेकांना नमस्कार करत असतील की नाही, कोण जाणे.

सगळ्यांचा भविष्यावर विश्वास होता का?

नाही. तुकोबांचा अभंगच आहे: ‘सांगों जाणती शकुन । भूत भविष्य वर्तमान ॥ त्यांचा आम्हांसी कंटाळा । पाहों नावडती डोळां ॥’ पण हा नकार भक्तीच्या बाजूनं आहे. अल्-बिरूनीनं १०२९मध्ये ज्योतिषाचं जे पाठ्यपुस्तक लिहिलं त्यात भूमितीपासून फळापर्यंत सगळं शिकवलं, आणि फळावर आपला स्वतःचा विश्वास फारसा नाही हेही सांगून टाकलं. तत्त्वज्ञ आणि वैद्य इब्न सीनानं फलज्योतिषाच्या खंडनाचा ग्रंथ लिहिला.

युरोपात काय चाललं होतं?

तेच. १३४८मध्ये प्लेगचं कारण विचारलं तेव्हा पॅरिसच्या वैद्यक विद्वानांनी १३४५मधली शनी-गुरू-मंगळाची कुंभेतली युती दाखवली.

भास्कराचार्यांनी न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षण शोधलं का?

पृथ्वीत आकर्षणाची शक्ती आहे, ती जड वस्तू आपल्याकडे ओढते म्हणून त्या पडताहेत असं वाटतं, आणि सगळीकडे आकाश सारखंच असताना पृथ्वी स्वतः कुठे पडेल, असं त्यांनी म्हटलं आहे. पृथ्वीला आधार कशाचा या जुन्या प्रश्नाला हे झकास उत्तर आहे. पण त्यांनी चंद्राची गती त्या ओढीशी जोडलेली नाही, आणि न्यूटनचं काम नेमकं ते आहे. मिरवायचंच असेल तर त्यांची ‘तात्कालिक गती’ मिरवावी. ग्रह दिवसभर एकाच वेगानं जात नाही, म्हणून त्या क्षणाची गती त्यांनी काढली आणि ज्येतला (साइनमधला) फरक कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो हे वापरलं.

फलज्योतिषामुळे गणिताचं नुकसानच झालं ना?

हिशेब इतका सरळ नाही. सिद्धांतग्रंथांत पाताधिकार नावाचं एक प्रकरण असतं. सूर्य आणि चंद्र यांची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं अंतर, ज्या क्षणी सारखी होते तो क्षण काढायचा. गणित किचकट, चंद्राचा शर, म्हणजे सूर्याच्या वाटेपासूनचं त्याचं अंतर, धरून पुन्हा पुन्हा सुधारत जायचं. हे कशासाठी? तर तो काळ मंगल कार्याला वर्ज्य म्हणून. मागणी मुहूर्ताची होती, घडत गेलं गणित. उलट बाजू अशी, की जिथे मागणी नव्हती तिथे कुतूहलही खुंटलं. धूमकेतू अरिष्ट सांगतो एवढं ठरल्यावर त्याची वाट मोजायला फारसं कुणी बसलं नाही.

आणि रोजचं पोट त्यावरच चालायचं. गावचा जोशी बलुत्यावर जगे. पाडव्याला पंचांग वाचून पाऊसपाणी सांगे. ‘जोशी’ हे आडनाव ‘ज्योतिषी’चंच झिजलेलं रूप.

आजचं पंचांग ग्रहलाघवावरून करतात का?

विसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रात अनेक पंचांगं तशी होत. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६०मध्ये ग्रहसाधनाची नवी कोष्टकं काढली, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या ग्रंथात सगळा इतिहास मांडला, आणि लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीची बाजू लावून धरली. मग अयनांश कुठले धरायचे यावरून भांडण झालं. टिळक पंचांग रेवती तारा आधार धरून, बाकीची बहुतेक चित्रा तारा धरून, आणि दोघांत सुमारे ४ अंशांचं अंतर. म्हणून काही वर्षी अधिकमासही वेगळा येतो आणि दोन घरांची दिवाळी दोन महिन्यांत.

गणेशाचा अयनांशाचा नियम मात्र आजही पाठ करण्याइतका सोपा आहे: शकातून ४४४ वजा करा, ६०नं भागा. शके १९४७ घ्या. १५०३ उरतात, भागल्यावर २५ अंश ३ कला. चित्रापक्षाच्या पंचांगात त्या वर्षी सुमारे २४ अंश १२ कला दिसतील. त्यानं वर्षाला ६० विकला, म्हणजे एक कला, गती धरली, खरी ५० विकलांहून किंचित जास्त आहे. पाचशे वर्षांनंतरचा फरक ५१ कला, म्हणजे एक अंशही नाही.